दुसऱ्यांदा दाबल्यावर

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका नेट कॅफेत बसून प्रसेनजीतनं आईचा रिपोर्ट उघडला, आणि पडद्यावरचं वाचून झाल्यावर त्यानं एकच गोष्ट केली, बटण परत दाबलं. वाईट बातमी सांगणाऱ्याला माणूस आधी 'काय म्हणालास?' असं विचारतो, पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आलेलं असलं तरी विचारतो, त्यातलाच हा प्रकार. वर नाव बरोबर होतं. मीनाबाई बाबासो, मानेवरची गाठ, तपासणीसाठी घेतलेला तुकडा. खाली इंग्रजीतल्या पाच-सहा ओळी, आणि त्यांत तो शब्द. लॅबवाले कॅन्सर असं कधी लिहीत नाहीत, त्याचं कागदावरचं नाव लिहितात. पण ते नाव प्रसेनजीतला पाठ होतं, कारण लॅबची ही साइट त्यानंच बांधली होती आणि बांधताना असले नमुन्याचे रिपोर्ट त्यानंच टाइप केले होते. दुसऱ्यांदा पान यायला २००८ सालच्या कॅफेत जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. आधी पांढरी पट्टी आली, मग लॅबचं चिन्ह, मग आईचं नाव, आणि मग ओळी आल्या त्या वेगळ्याच. साधी गाठ. वाईट पेशी आढळल्या नाहीत. शेजारच्या खुर्चीतला कॉलेजकुमार तिरप्या नजरेनं बघत होता, त्याची पर्वा न करता त्यानं त्या ओळी पडद्यावर बोट ठेवून वाचल्या आणि पडद्यावरची खिडकी मिटून तो उठला.

बाहेर आल्यावर त्याला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, पोटातून वर येणारा वेडगळ आनंद झाला. कोपऱ्यावरच्या गाड्यावर एक माणूस वडे तळत होता, त्याला 'काय मामा, बरं हाय न्हवं?' असं त्यानं उगाच विचारलं आणि त्या अनोळखी माणसानंही 'बरं हाय की पावणं' असं झारा न थांबवता सांगितलं. हा आनंद चौकापर्यंत टिकला. चौकात रस्ता ओलांडायला थांबल्यावर शंका आली, तीही सरळ आली नाही, आडून आली. आधी वाटलं, पहिल्यांदा आपणच चुकीचं वाचलं. आठवडाभर धड झोप नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, तसं मनातलं भ्यावच पडद्यावर दिसलं असेल. मग वाटलं, पण भीती फार तर एखादा शब्द बदलेल. आख्खा परिच्छेद, तोही बिनचूक डॉक्टरी इंग्रजीत, ती कुठून लिहिणार? आपलं इंग्रजी तेवढं चांगलं नाही. समोर चपलांच्या दुकानाची पाटी होती. त्यानं ती वाचली, मान फिरवली, परत वाचली. तीच होती. शेजारच्या दातांच्या डॉक्टरच्या पाटीचंही त्यानं तसंच केलं, मग वरच्या मजल्यावरच्या वकिलाच्या पाटीचं, आणि एकही पाटी बदलत नाही म्हणून त्याला धीर यायच्या ऐवजी जास्तच चमत्कारिक वाटायला लागलं. रस्ता मोकळा होऊन परत भरला तरी तो तिथंच उभा. मागून एक रिक्षावाला ओरडला, "ओ पावणं, आजच वाचाय शिकलासा काय?"

विक्रमनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत आई लसूण सोलत बसली होती. मानेवर पांढरी पट्टी, पट्टीवरून पदर, आणि पदर सारखा नीट करायची नवी खोड. तिनं मान वर न करता विचारलं, "काय म्हणालं तुझं मशीन?"

"काय न्हाय म्हणालं. साधी गाठ हाय."

"मी म्हणलंच हुतं की. उगंच सगळ्यांचा जीव टांगणीला."

"व्हय."

"मग तुझं त्वांड का असं? कुणी हाणलं काय?"

"उन्हातनं आलोय, आय."

"उन्हातनं आलाय म्हणं. मी दिसभर उसात खुरपाय जात हुतो तवा मला ऊन न्हाय लागलं, आन ह्यो आलाय." असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिनं लसणाची परडी बाजूला सारली, तोंडावर पदर घेतला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. प्रसेनजीतला तिच्या शेजारी जाऊन बसावं असं फार वाटलं. पण बसलं तर ती आपल्या तोंडाकडे नीट बघेल, आणि मग आपण काय सांगणार? तुझं नाव वर होतं आणि खाली दोन उत्तरं आली, त्यातलं बरं ते मी उचलून आणलं? थोड्या वेळानं पदराआडून तिचा आवाज आला, "आज मटान आण. पांढरा रस्सा करतो." गेल्या दोन आठवड्यांत तिनं आपण होऊन मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. त्यानं मटण आणून दिलं, आणि कांदा भाजल्याचा वास सुटायच्या आत तो पायांत चपला घालून उभा राहिला. आयतवारी कसलं हापिस, असं आई विचारत होती तेव्हा तो दोन पायऱ्या उतरलासुद्धा होता.

राजारामपुरीकडे चालताना त्यानं नेहमीचा उपाय केला. काही कळेनासं झालं, घरात भांडण झालं, कुणी आडनाव ऐकून 'असं होय' म्हणून गप्प बसलं, की तो मनातल्या मनात एका विनंतीचा प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून बघायचा, लहानपणी बुद्धवंदना म्हणायचा तसा. ब्राउझरमध्ये बटण दाबलं की एक विनंती निघते. ती सर्व्हरच्या दारात येते तेव्हा तिला मागचं काही आठवत नसतं, मघाशी आपणच इथं येऊन गेलो हेही नाही, आणि दारातल्यालाही ती आठवत नसते. म्हणून तिच्या हातात एक खूण दिलेली असते. दारात फ्रेमवर्कचा, म्हणजे साइट ज्यावर उभी असते त्या तयार सांगाड्याचा, एक रखवालदार असतो. तो खूण बघतो, ही कोण ते ओळखतो, कुठं जायचंय तो पत्ता वाचतो आणि तिला आत सोडतो. आत त्या त्या कामाला एक कामकरी असतो. रिपोर्टच्या कामकऱ्यानं काय करायचं ते प्रसेनजीतनं लिहिलेलं होतं: माहितीच्या कोठारातून रिपोर्ट आणायचा, खिशात ठेवायचा आणि पुढच्या मांडणाऱ्यानं मागितला की खिशातून काढून द्यायचा. मांडणारा वर नाव, खाली रिपोर्ट असं पान सजवतो आणि पान आल्या वाटेनं परत जातं. एवढंच. कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. खूण असली की आत, नसली की बाहेर. पुण्यात कोर्स करताना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं होतं की त्या संध्याकाळी त्यानं एकट्यानं जाऊन दोन आइस्क्रीमं खाल्ली होती.

आणि त्यात त्याची एक समजूत होती. कुणी शिकवलेली नव्हे, आपोआप बसलेली. विनंती आली की तिच्यासाठी नवा कामकरी जन्माला येतो, तिचं तेवढं काम करतो आणि संपतो. येणाऱ्यागणिक नवा. ही समजूत त्याला आवडायची, आणि का आवडायची याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. तो आज चालताना झाला. वडील वारणानगरला दूध संघात लागायच्या आधी ते बिद्रीजवळ राहत होते, आणि आई गणपतराव नावाच्या बागायतदाराच्या उसात कामाला जायची. तिचा चहाचा कप गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळा असायचा. कप बरा होता, कान तुटलेला वगैरे काही नाही, उलट फुलांच्या नक्षीचा; आईला तो आवडायचासुद्धा, आणि हेच प्रसेनजीतला मोठेपणी सहन व्हायचं नाही. मग वडील वारणेला लागले, कॉलनीत खोली मिळाली, आणि एका सकाळी त्यांनी लहान प्रसेनला संघात नेऊन दूध ओतून घेतात ती जागा दाखवली. कुठल्या कुठल्या गावांतले कॅन येत होते आणि सगळे एकाच टाकीत रिकामे होत होते. "ह्यात आपल्या आळीतल्या पार्वतीच्या म्हशीचं बी हाय," वडील म्हणाले होते, "आन गणपतरावाचं बी. आता काढ बघू यगळं." वडिलांचा चेहरा तेव्हा जसा दिसला तसा नंतर कधी दिसला नाही. तेव्हापासून एका टाकीत सगळ्यांचं हे त्याला बरोबर वाटत आलं होतं आणि प्रत्येकालाच वेगळं, म्हणजे कोनाड्यात कुणा एकीचाच कप नाही, हेही बरोबर वाटत आलं होतं. आणि या दोन गोष्टींचं एकमेकींशी जमत नाही हे त्याच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. आत्ता आलं, आणि त्याचा आईच्या रिपोर्टाशी काय संबंध ते काही कळेना. डोकं नुसतं जड झालं.

आठव्या गल्लीतल्या ऑफिसचं कुलूप काढलेलं होतं. आत त्याच्याबरोबर काम करणारी क्रांती असणार. हिची घरची शेती, घरी पाहुणे असले की ही रविवारचं काम काढून पळून यायची, आणि घरच्यांना वाटायचं पोरगी फार कष्टाळू. मालक धैर्यशील रविवारी येत नसे. या ऑफिसची एक रीत होती, आणि ती बाहेरच्याला सांगितली तर तो हसायचा. सर्व्हर म्हणून ठेवलेलं मशीन जुनं, दोघांनी एकदम काम काढलं की धापा टाकायचं. म्हणून कुणाला काही तपासून बघायचं असलं की त्यानं मोठ्यानं ओरडायचं, 'हात वर!' आणि सगळ्यांनी कीबोर्डवरचे हात उचलून धरायचे. त्याचं बघून झालं की हात खाली. एकदा लॅबचे डॉक्टर काम बघायला आले होते, त्यांनी ही आरोळी ऐकून स्वतःचेही हात वर केले होते. धैर्यशील मोठ्या अभिमानानं म्हणायचा, आपल्याकडं शिस्त हाय, आणि होतीच. लॅबची साइट याच शिस्तीत तयार झाली, याच शिस्तीत तपासली गेली आणि मग लांबच्या पेशंटला रिपोर्टसाठी खेप पडू नये म्हणून त्याच मशीनवरून गावोगावच्या नेट कॅफेंना मोकळी करून दिली गेली. गावोगावच्या कॅफेंत 'हात वर' म्हणून कोण ओरडणार, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. प्रसेनजीतलाही नाही.

तो आपल्या जागेवर बसला. क्रांती आतल्या खोलीत होती, दार लोटलेलं, रेडिओ चालू. त्यानं आईच्या रिपोर्टचा नंबर घातला, बटण दाबलं. साधी गाठ. परत दाबलं. साधी गाठ. दाबत राहिला. दर वेळी पान निमूट तेच सांगत होतं, आणि तरी त्याचं समाधान होत नव्हतं. खरं तर कोठार थेट उघडून आईच्या नंबरापुढं काय लिहिलंय ते वाचणं त्याच्या हातात होतं; मिनिटाचं काम. ते त्यानं केलं नाही. स्वतःला सांगितलं की आधी चूक शोधू, मग ते बघू. पण त्याला भीती वाटत होती, हे साधं कारण होतं. पान खोटं बोलू शकतं हे त्याला कळलं होतं. कोठार खोटं बोलत नाही. तिथं वाचलेलं परत दाबून बदलणार नव्हतं. तेवढ्यात बोटानं सवयीनं आणखी एकदा दाबलं, आणि पडद्यावर आलं: मीनाबाई बाबासो, मानेवरची गाठ. रुग्णास मिसळीचा कट वर्ज्य. रोज सकाळी रंकाळ्यास एक फेरी व सासूबरोबर वाद टाळणे.

त्याला वाटलं, आता डोकं फिरलं. हे असं फिरतं तर. ना दुखत ना खुपत, नुसती अक्षरं बदलत जातात. तो खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून बसला आणि काही वेळानं त्याच्या लक्षात आलं की ही भाषा ओळखीची आहे. नमुन्याचे रिपोर्ट टाकताना असला चावटपणा करणारं या ऑफिसात एकच माणूस होतं.

"क्रांती," त्यानं हाक मारली. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "तू आत्ता काय उघडलंस?"

"माझा त्यो मिसळवाला पेशंट. का?" ती दारात आली, हातात चुरमुऱ्यांची पुडी. "सर्व्हर आडला काय? मी हात वर केलं न्हाईत बाबा. तू वराडलास कुठं?"

"न्हाय वराडलो."

"मग?"

"परत उघड. मी एक म्हणलो की उघड. मी बी उघडतो."

ती आत गेली. तो एक म्हणाला. दोघांनी दाबलं. पहिल्यांदा काही झालं नाही. मग परत, आणि परत, आणि मग त्याच्या पडद्यावर आईच्या नावाखाली पुन्हा मिसळीचा कट आला. आणखी थोड्या वेळानं आतून क्रांतीचा आवाज आला, हसत, "आरं, माझ्या पेशंटाला साधी गाठ झाली की." मग ती हसायची थांबली. तिलाही कळलं असावं.

फ्रेमवर्कचं पुस्तक कपाटात होतं. झेरॉक्स काढून बांधलेलं, बरंच वाचलेलं, आणि कामकऱ्यावरचं प्रकरण मात्र कोरं करकरीत. कामकरी येणाऱ्यागणिक नवा नसतो, असं तिथं सरळ लिहिलेलं होतं. सर्व्हर सुरू होताना फ्रेमवर्क एकच घडवतं आणि त्यालाच उभा करून ठेवतं. जेवढ्या विनंत्या येतील त्या सगळ्या त्या एकाकडेच, कधी एकेक, कधी दोन-दोन एकदम. म्हणून त्याच्या खिशात कुणा एकाचं काही ठेवू नये. रखवालदारानं ज्याला खूण दिली त्याचं नाव त्याच्याच खुणेबरोबर राहतं, म्हणून नाव कधी चुकलं नव्हतं. चुकत होता तो रिपोर्ट, कारण तो प्रसेनजीतनं कामकऱ्याच्या खिशात ठेवला होता, आणि खिसा सगळ्यांचा एक होता. एकीचा रिपोर्ट खिशात घातला, तो मांडणाऱ्यानं काढून घ्यायच्या आत दुसरीचा त्यावर येऊन पडला, की दोघींच्या नावाखाली नंतरचा एकच. टाकीत ओतलं, आता काढ बघू वेगळं. वडील असते तर या चुकीवर काय म्हणाले असते कोण जाणे. त्याला हसू आल्यासारखं झालं, आणि ते हसू नाही हे कळायला थोडा वेळ लागला.

मग मात्र त्यानं कोठार उघडलं. क्रांती मागं येऊन उभी होती. आईच्या नंबरापुढं लिहिलेलं होतं: साधी गाठ, वाईट पेशी आढळल्या नाहीत. लॅबच्या डॉक्टरांचं नाव, तारीख. त्यानं एकदाच वाचलं. सकाळचा आनंद परत आला, या वेळी खरा, पायांखाली जमीन असलेला, आणि क्रांतीनं पाठीवर थाप मारून "सुटलास लेका" म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात त्याला त्या पहिल्या ओळी आठवल्या. त्या भीतीनं लिहिलेल्या नव्हत्या. त्या कुणाच्या तरी होत्या.

दारातला रखवालदार कोण कधी आलं याची नोंद ठेवतो. सकाळची ती वेळ त्यानं काढली. आईचा नंबर होता, त्याला चिकटून एक दुसरा नंबर. आईचा परत, आणि त्याच क्षणी तोही परत. त्यापुढं दोघांचंही काही नाही. दोन नंबर एकाखाली एक, जोडीनं येऊन जोडीनं गेलेले. प्रसेनजीत त्या ओळींकडे बघत राहिला. दुसऱ्याच कुठल्या तरी कॅफेत कुणीतरी त्याच क्षणी तोच शब्द वाचला होता, त्याच्यासारखंच अवाक होऊन परत दाबलं होतं, आणि दोघांनी परत दाबलं तेव्हा खिशात नंतर पडला तो आईचा रिपोर्ट. दोघांनाही साधी गाठ. आणि मग दोघंही उठले. तिसऱ्यांदा कुणी दाबलं नाही. वाईट आलं की माणूस परत विचारतो. बरं आलं की कोण विचारतो? त्यानं स्वतः विचारलं नव्हतं, आणि साइट बांधणारा तोच होता. त्या दुसऱ्या नंबरापुढं नाव होतं चिमणाबाई, तालुका राधानगरी. रिपोर्ट सकाळी पहिल्यांदा आलेला, शब्दही तोच. संपर्काला मुलाचा नंबर, पिराजी.

त्यानं आधी साइट बंद केली. मग लॅबला फोन लावला, तो कुणी उचलला नाही. डॉक्टरांचा बंद होता.

"उद्या लॅब उघडली की त्यांनीच कळवू दे," क्रांती म्हणाली. "धैर्यशीलदादाला सांगू, त्यो बघंल. तू कशाला गळ्यात घेतोस? नोकरी जाईल भावा."

"नोंदीत उद्याची डॉक्टरची तारीख हाय त्यांची. साधी गाठ म्हणल्यावर एवढ्या लांबनं येतील व्हय? कागद न्ह्यायला सुदिक येणार न्हाईत."

"मग लॅबवाले फोन करतील की. आज काय, उद्या काय."

ते खरंही होतं. त्यानं त्यावर विचार केला, म्हणजे विचार करायचा प्रयत्न केला. उद्या कुणीतरी फोन करील, पांढऱ्या डगल्यातलं, असल्या बातम्या सांगायची सवय असलेलं. त्यांना सांगता येतं. आपल्याला काय येतं? आणि सांगायचं तरी काय? एका बाईनं घरी गोडधोड केलं असेल, पोरानं कदाचित मटण आणलं असेल. तिच्या नावावर आलेलं बरं उत्तर हे आईचं उत्तर होतं. ते आता तिच्याकडून परत घ्यायचं. हा विचार येताच त्याला इतकी लाज वाटली की कान तापले, कारण ते परत घ्यायची त्याची तयारी होती. मनात कुठंतरी त्याला चिमणाबाईचा रिपोर्ट वाईटच असायला हवा होता. दोन उत्तरं आणि दोन बाया, दुसरा हिशोबच नव्हता. आणि उद्यापर्यंत थांबलं तर? लॅबवाले आधी स्वतःची कातडी बघतील, मग धैर्यशीलची बघतील, मग फोन करतील. करतीलच असंही नाही. क्रांती आपल्या जागेवर जाऊन आधीच्या नोंदी काढायला लागली होती, आणखी कुणाकुणाच्या जोड्या सापडतात बघायला. तिच्या तोंडाला चुरमुरे चिकटलेले होते आणि ती मुकाट्यानं रडत होती. प्रसेनजीतनं पिराजीचा नंबर फिरवला.

"हॅलो, कोन?" मागं पत्र्यावर काहीतरी वाळत घातल्याचा खडखडाट, कोंबड्या, आणि एका बाईचा मोठा, मोकळा आवाज.

"पिराजीच बोलताय न्हवं? मी कोल्हापुरातनं बोलतोय. प्रसेनजीत माझं नाव. लॅबच्या रिपोर्टाची ती साइट मी केलीया."

"व्हय व्हय, बोला की. आमी बघितला सकाळीच. लई सोय झाली बघा तुमच्यामुळं, न्हायतर एक दीस मोडला असता."

"त्याचंच बोलायचं हुतं. सकाळी काय आलतं तुमाला?"

पिराजीचा आवाज बारीक झाला. तो बहुतेक अंगणातून बाजूला गेला असावा, कोंबड्या लांब गेल्या. "पावणं, खरं सांगू काय? पैल्यांदा वायलंच आलतं. कॅफेवाल्यानं वाचून दावलं मला. माझं तर हातपायच गळालं. त्यो म्हणाला मशीन चुकतंय कवा कवा, परत दाब. मग दाबलं, तवा बरं आलं. घरात मी पैलं सांगितलंच न्हाय. पर सकाळधरनं डोक्यात तेच हाय. दोन कशी येतील म्हणतो मी?"

"माझ्या आयचं बी त्याच टायमाला बघत हुतो मी. मला बी दोन आली. तीच दोन." प्रसेनजीतनं एका दमात सांगून टाकलं. "चूक माझी हाय. दोघांचं एकात गेलं. ती मी केलेली चूक हाय."

"बरं. चूक व्हती माणसाकडनं." पिराजी शांतपणे म्हणाला, आणि तो शांतपणा प्रसेनजीतला शिवीपेक्षा वाईट वाटला. "मग आता कुठलं खरं म्हनायचं?"

मागं लांबून त्या बाईनं विचारलेलं ऐकू आलं, कुनाचा रं फोन? आणि पिराजीनं ओरडून सांगितलं, लॅबवाल्याचा, काय न्हाय.

"तुमचं पहिलं," प्रसेनजीत म्हणाला. "उद्या आणा त्यांना. चुकवू नका. मी स्टँडवर येतो घ्यायला, लॅबपर्यंत, डॉक्टरपर्यंत, सगळीकडं येतो."

फोन कटला असं वाटून त्यानं कानावरून काढून बघितला, चालू होता. पलीकडे पिराजीनं घसा साफ केला.

"आन तुमच्या आईचं?"

अजून कळलं नाही असं सांगता आलं असतं. लॅब बंद आहे, उद्या कळेल. ते ओठावर आलंसुद्धा.

"दुसरं," प्रसेनजीत म्हणाला.

"हां," पिराजी म्हणाला. आणि बऱ्याच वेळानं, "चला, एकीचं तरी बरं झालं की." मग त्यानं उद्या लॅब किती वाजता उघडते ते विचारलं.